रस्ता विचारायचा कोणाला?

डोंगरात सायकल चालवायची तर सोबत लागते, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं. ती सोबत शोधायची कुठं, यावर मात्र धनेगावच्या टपरीवर पहिला चहा संपायच्या आत जुंपली.

भाची नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे. तिची जाड टायरची, शॉकअपची सायकल टपरीच्या खांबाला टेकून उभी होती. मामाजींनी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात सायकलवरून टपाल वाटण्यात नोकरी काढली. त्यांची काळी, दुहेरी दांडीची सायकल तिच्या शेजारीच होती. समोर कचारगडचा डोंगर. पावसाळा सरला की फोनवरच्या आपल्या गटातली पंधरा-वीस माणसं घेऊन इथं यायचं, दरेकशाच्या जंगलातल्या वाटांवर दोन दिवस सायकली चालवायच्या, असा भाचीचा बेत. मामाजींना तो मुळातच पसंत नव्हता. मी दोघांच्याही ओळखीचा, म्हणून ऐकत बसलो. मध्ये बोललो फारसा नाही. जे बोलायचं ते इथं लिहितो आहे.

मामाजी: वीस लोकं तुले कुठं भेटले?

भाची: फोनवर.

मामाजी: म्हणजे भेटलेच नाई.

भाची: असं कसं म्हणता, मामाजी? गोंदियात मी ही सायकल घेतली, तेव्हा तिच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये हवा शिरली तर काय करायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. मिस्त्रीचा दोष नाही, त्याच्याकडे अशी सायकल वर्षातून एखादी येते. रात्री मी गटात विचारलं. नाशिकच्या एका काकांनी स्वतःच्या सायकलीचा ब्रेक उघडून, नळी कुठं लावायची, तेल कुठून भरायचं, सगळं चित्रफीत काढून पाठवलं. त्या माणसाला मी आजतागायत पाहिलेलं नाही. ही सोबत नाही तर काय?

मामाजी: हे ज्ञान झालं. ज्ञान फोनमधून येते, मी कुठं नाई म्हणतो? पण सायकल पडली दरीत, तर तो नाशिकचा काका येईन का दोर घेऊन?

भाची: दोर घेऊन येणारी माणसंही मला तिथूनच मिळाली.

इथं भाचीनं एक गोष्ट सांगितली, ती मला महत्त्वाची वाटते. गट पुष्कळ असतात. एका ठिकाणी फक्त खरेदी-विक्री चालते: कोणाचं फोर्क विकायचंय, कोणाला एकोणतीस इंची चाकं हवीत. दुसरीकडं कोण किती वेगानं चढला याचीच चढाओढ. ब्रेव्हेवाले वेगळे. नागपुरातही ब्रेव्हे होतात: दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, आणि वाटेत पंक्चर झालं तर ज्याचं त्यानं काढायचं. माणसं शिस्तीची, पण त्यांचा जीव डांबरी रस्त्यात. मग डोंगरवाल्यांमध्ये चांगला गट ओळखायचा कसा? भाची म्हणाली, नवख्यानं अगदी बावळट प्रश्न विचारला की काय होतं ते पाहायचं. खिल्ली उडवली तर बाहेर पडायचं. त्याहून मोठी खूण म्हणजे त्या गटात कोणी कधी कोणाला ‘जाऊ नको’ म्हणतं का. पाऊस झालाय, वाट उकरली जाईल, या आठवड्यात नको, असं सांगणारी दोन-तीन माणसं जिथं असतात तो गट धरायचा. आणि सगळ्यात मागं राहिलेल्यासाठी कोण थांबतं, हे पहिल्याच फेरीत कळतं.

एवढं ऐकून मामाजी जरा नरमतील असं मला वाटलं होतं. उलट त्यांनी नेमकं तेच धरलं.

मामाजी: जाऊ नको म्हणणारा पायजे, हे तुले पटते ना? मंग मी तेच म्हणून रायलो. जाऊ नको.

भाची: तुम्ही कारण तरी सांगा!

मामाजी: सांगतो. पण आधी तुझ्या चाकाकडं पाह्य.

पुढच्या चाकातून बारीक फुसफूस येत होती. बाभळीचा काटा. भाचीनं काटा उपटला तसा टायरातून पांढरा चीक उडाला. तिनं चाक फिरवून भोक खाली आणलं आणि बोटानं दाबून धरलं. टायरात ट्यूब नव्हती. आत ओतलेला पातळ रबरी चीक हवेबरोबर भोकात येतो, तिथंच घट्ट होतो आणि भोक बुजतं. चार-आठ फेऱ्या दिल्या, फुसफूस थांबली. मामाजी उकिडवे बसून पाहत होते. त्यांच्या काळी चाक काढा, ट्यूब ओढा, परातीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधा, कानशीनं घासा, सोल्यूशन लावा, फुंकर मारा, तुकडा चिकटवा. त्यांनी टायरावर अंगठा दाबून पाहिला. ‘हे बेस आहे,’ म्हणाले. आणि लगेच, ‘पण हा चीक तुले फोननं सांगितला. काटा कुठं आहे ते फोननं नाई सांगितलं.’

भाची: काटा कुठं आहे हे तुम्हालाही ठाऊक नसतं.

मामाजी: मले ठाऊक असते. बांधीच्या धुऱ्यावर बाभूळ कुठं छाटली, ते गाव सांगते. हेच तर म्हणतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडते. बाया अंधारात निघतात, झाडाखाली एकट्या बसून येचतात. त्याच टायमाले अस्वलही मोहावर येते. तू येशीन उतारावरून, आवाज नाई, घंटी नाई. बाई दचकली तर शिव्या देईन. अस्वल दचकलं तर?

भाची: आम्ही मार्चमध्ये येणारच नाही.

मामाजी: ते आत्ता म्हणतेस, मी सांगितल्यावर. पालापाचोळा कधी जाळतात, तेंदूपत्त्याच्या दिवसात कोणती वाट बाया-माणसायनं भरलेली असते, हे तुझ्या फोनवर आहे का?

भाची: नाही. पण मामाजी, एक विचारू? हे सगळं सांगणारं गाव मला काय म्हणून ओळखतं? तुमची भाची म्हणून. मी कोणाचीच भाची नसते तर? तुम्ही म्हणता रस्त्यावर भेटतात ती खरी माणसं. रस्त्यावर मला कोण भेटतं, सांगू? मोटरसायकल हळू करून बाजूनं चालणारे पोट्टे. ‘एकटीच का?’ विचारणारे काका. फोनवरच्या गटात मला पहिल्यांदा अशा बाया भेटल्या की ज्या पहाटे चारला घरातून निघून डोंगरात सायकल चालवतात आणि दुपारी ऑफिसला जातात. संगमनेरची प्रणिता सोमण डोंगरातल्या सायकलिंगमध्ये राष्ट्रीय पातळीवर जिंकते, हे मला गोंदियात कोणीच सांगितलं नाही. २०२३ साली आशियाई माउंटन बाइक स्पर्धा आपल्याच देशात, केरळात पोनमुडीला झाली. तेही नाही. गावानं मला वाट सांगितली असती, पण वाटेवर जाऊ दिलं असतं का?

मामाजींनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाले, ‘टपाल वाटाले बाई सायकलवर निघाली असती, तर गावानं तमाशा केला असता. हे खरं आहे.’ आणखी काही बोलले नाहीत. या मुद्द्यावर भाची जिंकली, आणि माझ्या मते ती पूर्ण जिंकली. गावाची सोबत सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे गावाचं कौतुक करणारे आपण सोयीस्कर विसरतो.

चहा दुसऱ्यांदा आला. भाची आता जोरात होती. हा खेळच मुळी मित्रांच्या टोळक्यातून जन्माला आलाय, म्हणाली. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळ, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही पोरांनी जुन्या, वजनदार, फुगीर टायरच्या सायकली डोंगरावर नेल्या आणि कच्च्या रस्त्यानं खाली सोडल्या. मागच्या चाकाचा ब्रेक उलटं पायडल मारून लागायचा. उताराला तो एवढा तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या शर्यतीचं नाव पडलं ‘रिपॅक’. चार्ली केली नावाचा एकजण दोस्तांना फोन करकरून गोळा करायचा. १९७७ साली जो ब्रीझनं डोंगरासाठी म्हणून वेगळी सायकल बांधली, १९७९ मध्ये केली आणि गॅरी फिशरनं कंपनी काढली, १९८० पासून या वेड्यांचं स्वतःचं नियतकालिकही निघू लागलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. वीस वर्षांत!

मामाजी: आणि त्या डोंगरावर पायी चालणारे लोकं? ते काय म्हणाले?

भाचीनं लपवलं नाही, हे तिच्या बाजूनं लिहायला हवं.

भाची: भांडणं झाली. पायी फिरणारे म्हणाले, हे वळणावरून अंगावर येतात. घोडेवाले म्हणाले, आमची जनावरं बुजतात. कित्येक पायवाटांवर सायकलींना बंदी आली. त्या बंद्यांमुळेच १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सायकल क्लबांनी एकत्र येऊन ‘इम्बा’ ही संघटना काढली. तिचे नियम आज जगभर चालतात. जी वाट खुली आहे तिच्यावरूनच जायचं, खूण ठेवायची नाही, सायकल ताब्यात ठेवायची, दुसऱ्याला वाट द्यायची, जनावर बुजवायचं नाही, तयारीनं निघायचं.

मामाजी: म्हणजे आधी भांडण, मंग बंदी, मंग नियम. आपण नियमापासून सुरू करू की.

भाची: तेच म्हणते मी!

मामाजी: नाई, तू म्हणते वीस लोकं.

मग निघाला फोनवरच्या नकाशाचा विषय, आणि इथं मामाजींचं पारडं जड झालं. भाचीच्या फोनमधलं ते स्ट्रावा नावाचं ॲप ती कुठून कुठं गेली ती रेघ नकाशावर उमटवतं. अशा लाखो रेघा एकत्र करून कंपनीनं जगाचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला होता. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्यानं तो पाहून दाखवून दिलं की अफगाणिस्तान-सीरियातल्या ओसाड मुलखात जिथं उजेड दिसतो, तिथं सैनिकी तळ आहेत. जवान सकाळी पळायला जातात, त्याची ती रेघ. हे मी सांगितलं. मामाजींना नवल वाटलं नाही.

मामाजी: नक्षल्यायचं ‘दरेकसा दलम’ हे नाव पेपरात किती वर्षं येत होतं, तुले आठवते ना? तेव्हा या जंगलात कोण कुठून गेला, हे सांगणं जिवावरचं काम होतं. पोस्टमनले दोन्हीकडचे विचारायचे. मी म्हणो, मले पत्ता माहीत आहे, माणूस माहीत नाई. आता ते दिवस गेले असं म्हणतात, बरं झालं. पण लोकायची सवय नाई जात. कोण्या वाटेनं कोणाचं शेत, कुठं मोहाची झाडं, कोण्या झऱ्यावर उन्हाळ्यात पाणी राह्यते, हे गाव ज्याले सांगते त्यालेच सांगते. तू एक डाव ती रेघ टाकली की ती सगळ्या दुनियेची झाली. परत नाई घेता येत.

भाची: रेघ लपवता येते. खाजगी ठेवता येते.

मामाजी: तू ठेवशीन. वीस लोकं ठेवतीन?

भाची गप्प राहिली. मला इथं सारस आठवला. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः याच गोंदिया जिल्ह्यात, आणि त्यांचं घरटं असतं धानाच्या बांधीत नाहीतर तलावाच्या काठच्या गवतात. दरवर्षी इथं सारसांची मोजणी होते. आकडा पेपरात येतो. पण शहाणा पक्षीनिरीक्षक घरट्याचा पत्ता छापत नाही; तो ज्याच्या बांधीत घरटं आहे त्या शेतकऱ्याशी बोलतो. सायकलवाल्यांना हे शिकायला परदेशात जायची गरज नाही.

खरा पेच मात्र पुढंच होता. समोरचा डोंगर नुसता डोंगर नाही. गोंड परंपरा सांगते की काली कंकालीची तेहतीस मुलं या डोंगरातल्या गुहेत कोंडली गेली होती, दाराला शिळा लावली होती. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांच्या सुटकेसाठी झटले. हिरासुका पाटालीरच्या वाद्याच्या सुरांनी मुलांना बळ आलं, शिळा सरकली, आणि तिच्याखाली तो वाजवणाराच चिरडला गेला. त्या मुलांना लिंगोनं कुळांमध्ये बांधलं, धर्म दिला, कोया पुनेम. माघ पौर्णिमेला आज इथं महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशातून लाखो लोक येतात. ही यात्रा मात्र १९८० च्या दशकात मोजक्या माणसांनी सुरू केली. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे, गोंडी भाषा आणि धर्माचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम ही त्यांतली नावं.

मामाजी: ते मासिक मी वाटलं आहे. एक-एक अंक, गावागावात. तेव्हा कुठं होता फोन? पण लोकं जमलेच ना! काहून जमले? कारण आधी कोणीतरी त्यायच्या घरी जाऊन बसला, त्यायचे गाणे ऐकले.

भाची: आणि मासिक काढलं, मामाजी. घरी जाऊन बसणं पुरलं नाही, छापावंही लागलं. तुम्हीच वाटलं म्हणता. मग माझा फोन आणि तुमची टपालाची पिशवी यांत फरक काय?

मामाजी मनापासून हसले. या तडाख्याला उत्तर नव्हतं.

मामाजी: बरं. पण गुहेपाशी सायकल नाई जाणार.

भाची: नाहीच जाणार. सायकली खाली धनेगावात राहतील. वर अनवाणी चाला म्हणाल तर अनवाणी.

मामाजी: तुले समजते, पोरी. बाकीच्यायचं काय? त्यायले गुहेच्या तोंडाशी उभी सायकल, वर केलेले हात, असा फोटो पायजे असते. एकानं काढला की पुढच्या वर्षी दहा जण काढतीन. देवाच्या जागी उड्या माराले येतीन.

मला वाटतं, सगळ्या वादाची गाठ इथं आहे. चांगला गट सापडणं हे अर्धं काम. आपण त्या गटाला कुठं घेऊन जातो, हे उरलेलं अर्धं. फोनवरचा उत्तमातला उत्तम गट सायकलीबद्दल खरं बोलेल, नवख्याला सांभाळून घेईल, शेवटच्यासाठी थांबेल. पण या डोंगराबद्दल त्याला काहीच ठाऊक नसतं आणि आपल्याला ठाऊक नाही हेही त्याला ठाऊक नसतं. ते सांगणारा माणूस गटात आणावा लागतो, किंवा गटानं त्याच्या दारात जावं लागतं. भाचीचा कल पहिल्या उपायाकडे होता. ‘मामाजी, तुम्हीच गटात या, मी तुमचा नंबर टाकते,’ असं ती दोनदा म्हणाली. मामाजी दोन्ही वेळा ‘नाई’ म्हणाले, आणि मला त्यांचं पटतं. एक म्हातारा पोस्टमन गटात आला म्हणजे गावानं परवानगी दिली असं होत नाही. फार तर गटाला तसा भास होईल.

शेवटी ठरलं ते असं. वीस नाही, सहा जण. त्यातल्या दोघी बाया असाव्यात, ही अट भाचीनं घातली आणि मामाजींनी मान डोलावली. आधी भाचीनं एकटीनं येऊन गावच्या वनसमितीपुढं बसायचं, कोणत्या वाटा चालतील आणि कोणत्या नाहीत ते ऐकून घ्यायचं. जवळच्या हाजरा फॉल या धबधब्यावर गावचीच संयुक्त वनव्यवस्थापन समिती पर्यटकांचं पाहते, तेव्हा बाहेरच्या माणसांशी व्यवहार करणं इथल्या लोकांना नवीन नाही; विचारलं तर नीट सांगतात. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, म्हणून वनपरिक्षेत्र कार्यालयाचं पत्र हवंच. ट्रॅक, म्हणजे ती फोनवरची रेघ, कोणीही टाकायची नाही. ज्याला हे जमणार नाही त्यानं यायचं नाही, आणि हे भाचीनं गटात आधीच लिहायचं. ‘निम्मे गळतील,’ ती म्हणाली. ‘गळू दे,’ मामाजी म्हणाले, ‘तेच तर चाळणं आहे.’

मला स्वतःला ट्रॅकवरची बंदी थोडी जास्त कडक वाटते. एखादा वाट चुकला तर रेघच त्याला परत आणते. भाचीनंही तोच मुद्दा काढला, तेव्हा रेघ सहा जणांच्या फोनांत राहील, बाहेर जाणार नाही, एवढी सूट मिळाली.

कचारगडला सायकल घेऊन येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: गोंदिया-डोंगरगड मार्गावर दरेकसा स्टेशन आहे, गोंदियाहून रस्त्यानं पन्नास-पंचावन्न किलोमीटर पडतात. पाऊस सरल्यानंतरचे, नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवस धरा. माघ पौर्णिमेच्या आठवड्यात सायकल घरी ठेवून या. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत येऊ नका. सायकलीला घंटी लावा, तिचं वजन तुमच्या वेगाला भारी पडणार नाही. धनेगावात सायकल ठेवा, गुहा पायी चढा, आणि कोणत्या वाटेनं फिरलात हे खाली आल्यावर कोणी फोनवर विचारलं, तर त्याला गावात येऊन विचारायला सांगा.